बिनचालकाची मोटार : राखण कोणी करावयाची?



हाकणाऱ्यावाचून चालणारे वाहन ही गोष्ट आपल्या मुलखाला अगदीच नवी नाही. रात्री उशिरा बाजाराहून परतणारा गाडीवान गाडीतच आडवा होऊन घोरू लागे, आणि बैल त्याला बिनचूक घरच्या अंगणात आणून सोडीत. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी हे पाहिले असेल. बैलाला वाट ठाऊक असे, आणि वाटेत काही आडवे आले तर तो उभा राही. यांतला दुसरा गुण मी पहिल्याहून मोठा समजतो. आज जे सांगावयाचे आहे ते बहुतेक त्या उभे राहण्याविषयीच आहे.

मी शास्त्रज्ञ नव्हे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत व सार्वजनिक वाचनालयात जास्त झाले. त्यामुळे यंत्राच्या पोटात काय दडले आहे त्यापेक्षा यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसाचे काय होते, तिकडे माझे लक्ष आधी जाते. बिनचालकाच्या मोटारीचा इतिहास मी त्याच बाजूने वाचला, आणि मला तो ओळखीचा वाटला.

या इतिहासात पहिला वाद असा होता, की शहाणपण रस्त्यात घालावयाचे की मोटारीत? १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्स कंपनीने उद्याच्या शहराचा एक प्रचंड देखावा मांडला होता. त्यात मोटारी आपोआप अंतर राखून धावतील अशी कल्पना होती. पुढे १९५० नंतरच्या दशकात त्याच कंपनीने आणि आर.सी.ए. या रेडिओ कंपनीने रस्त्याखाली विजेची तार पुरून, तिच्या संकेतांवर मोटार चालविण्याचे प्रयोग केले. १९९७ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ सुमारे बारा किलोमीटर रस्त्यात लोहचुंबक बसवून त्यांवरून मोटारींची रांगच्या रांग चालवून दाखविली. मोटारी नीट चालल्या. तरीही तो मार्ग मागे पडला, कारण सगळ्या देशाचे रस्ते उखडून त्यांत चुंबक कोणी बसवावयाचे आणि पैसे कोणी भरावयाचे? ज्यांनी मुंबई-गोवा महामार्गाचे २०११ साली सुरू झालेले रुंदीकरण एक तप उलटले तरी अपुरे पाहिले, त्यांना या प्रश्नाचे वजन समजावून सांगावे लागणार नाही.

रस्त्यात शहाणपण घालण्याचा मार्ग जिथे खरोखर यशस्वी झाला ते ठिकाण म्हणजे रेल्वे. रुळांची मालकी एकाची, वाट ठरलेली, मधे शेळी आली तर तो अपवाद. मुंबईच्या लोकलगाडीत मोटरमनच्या हाताखाली एक दांडा असतो. तो दाबून धरलेला असेल तोवरच गाडी चालते, हात सुटला की ब्रेक लागतो. मोटरमनला झटका आला, भोवळ आली, तरी गाडी बेवारशी धावत सुटू नये म्हणून ही योजना. शिवाय सिग्नलजवळ रुळांत बसविलेली यंत्रे गाडीला सूचना देतात. मोटरमनने त्या मानल्या नाहीत तर ब्रेक आपोआप लागतो. इथे माणूस गाडी चालवितो आणि यंत्र त्याच्यावर नजर ठेवते. ही व्यवस्था ध्यानात ठेवावी. मोटारीच्या इतिहासात पुढे ती नेमकी उलटी झाली.

दुसरा मार्ग म्हणजे शहाणी मोटार. जर्मनीत एर्न्स्ट डिकमन्स या प्राध्यापकाने एका मोठ्या व्हॅनला कॅमेरे आणि संगणक बसविले, आणि १९८७ साली ती मोकळ्या महामार्गावर ताशी नव्वद किलोमीटरहून अधिक वेगाने स्वतः धावली. १९९५ साली त्याच्याच मोटारीने म्युनिकहून डेन्मार्कपर्यंत जाऊन परत येण्याचा सतराशेंहून अधिक किलोमीटरांचा प्रवास केला, बहुतेक माणसाचा हात न लागता. त्याच वर्षी अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी पिट्सबर्गहून सॅन दिएगोपर्यंत अमेरिका आडवी पार केली. ब्रेक आणि वेग त्यांनी सांभाळला. सुकाणू मात्र सुमारे ९८ टक्के अंतर यंत्राने धरले.

अठ्ठ्याण्णव टक्के! शाळेत एवढे गुण मिळाले असते तर गावात पेढे वाटले असते. पण तो प्रवास साडेचार हजार किलोमीटरांचा होता. उरलेले दोन टक्के म्हणजे ऐंशी-नव्वद किलोमीटर होतात, आणि ते सलग नसतात. कुठे वळणावर, कुठे पुलाखाली, कुठे ऊन डोळ्यांवर आले म्हणून, असे विखुरलेले असतात. ते कधी येतील हे आधी सांगता येत नाही. त्या दोन टक्क्यांसाठी कोणीतरी शंभर टक्के वेळ जागे राहावे लागते. खरा वाद तिथून सुरू झाला.

आता थोडा आडरस्ता घेतो. तो आपल्या मुंबईतूनच जातो. ज्यांचे वडील-आजोबा रेवसहून बोटीने जाऊन गिरणीत लागले, त्यांना माग ठाऊक असेल. यंत्रमाग स्वतः चालतो. विणकराचे काम बरेचसे पाहण्याचे. उभा धागा तुटला तर साधा माग ते ओळखीत नसे, तो तसाच विणत राही आणि कापडात खोट पडे. ती खोट वेळीच पाहावयाची, माग थांबवावयाचा, धागा सांधावयाचा आणि पुन्हा चालू करावयाचा. नजर चुकली की खराब कापडाचा दंड विणकराच्या पगारातून जाई. १९२८ साली मालकांनी कार्यक्षमतेच्या नावाखाली दोन माग सांभाळणाऱ्या विणकराकडे तीन माग द्यावयाचे आणि कताई खात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू द्यावयाच्या, अशी योजना आणली. त्या वर्षीच्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले. संपाच्या संयुक्त समितीत डांग्यांबरोबर नारायण मल्हार जोशी होते. ते आपल्या जिल्ह्यातले, गोरेगावचे. त्या संपाची कारणे पुष्कळ होती, पण त्यांतले एक मला फार मोलाचे वाटते. माणसाच्या दोन डोळ्यांना किती मागांची राखण करता येते, हा तो प्रश्न होता.

त्याच सुमारास जपानात साकिची टोयोडा या सुताराच्या मुलाने त्याच प्रश्नाला निराळे उत्तर शोधले होते. धागा तुटला की स्वतःच थांबणारा माग त्याने तयार केला. त्याचा सुधारलेला नमुना १९२४ साली निघाला, आणि १९२९ साली ऑल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या विलायतेतील नामांकित कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. साकिचीच्या मुलानेच पुढे मोटारींचा कारखाना काढला. तोच आजचा टोयोटा. असा माग आला की एक माणूस कित्येक माग सांभाळू शकतो. म्हणजे माणसे कमी होतात, हे मी विसरलेलो नाही. आमची तक्रार तिथे उभी राहतेच. पण एक फरक मान्य केला पाहिजे. या मागाने माणसावर अखंड पाहत बसण्याची सक्ती ठेवली नाही. अडचण आली की यंत्र थांबते आणि माणसाला बोलावते. कापड खराब झाले तर दोष कोणाचा, हे ठरविणेही सोपे होते.

आता पुन्हा मोटारीकडे येऊ. २००४ आणि २००५ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने वाळवंटात शर्यती लावल्या. पहिल्या वर्षी सव्वादोनशे किलोमीटरांपैकी बारा किलोमीटरसुद्धा कोणाची मोटार पुरी करू शकली नाही, दुसऱ्या वर्षी पाच मोटारी शेवटपर्यंत पोहोचल्या. तेथून मोठ्या कंपन्या यात उतरल्या, आणि त्यांचे दोन तट पडले.

एका तटाचे म्हणणे असे की आजच्या मोटारीत थोडे थोडे यंत्र घालीत जावे. माणूस सुकाणूपाशी बसलेला राहील, यंत्र चालवील, आणि यंत्र चुकले की माणूस सावरील. टेस्ला कंपनी या तटाची मुख्य. तिची भिस्त कॅमेऱ्यांवर. माणूस दोन डोळ्यांनी मोटार चालवितो, मग यंत्राला कॅमेरे पुरेत, हा तिचा युक्तिवाद. रडारही तिने २०२१ पासून काढून टाकण्यास सुरुवात केली. गिऱ्हाइकांच्या लाखो मोटारी रस्त्यावरून अनुभव गोळा करतात, हा तिचा मोठा फायदा. तो लहान नव्हे. पण २०१६ च्या मे महिन्यात फ्लोरिडात अशा एका मोटारीने आडव्या आलेल्या पांढऱ्या ट्रेलरला उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर ओळखले नाही, आणि यंत्रावर विसंबून बसलेला मालक मरण पावला.

याहून मला अस्वस्थ करणारी हकीकत १८ मार्च २०१८ ची. ॲरिझोनातील टेम्पी शहरात उबर कंपनीच्या चाचणीच्या मोटारीने, रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला धडक देऊन ठार केले. सरकारी तपासात बाहेर आले ते असे. यंत्राला पुढे काहीतरी आहे हे सुमारे साडेपाच सेकंद आधीच दिसले होते. पण ते वाहन, की सायकल, की आणखी काही, हे ठरविण्यात वेळ गेला. खोटे ब्रेक लागू नयेत म्हणून यंत्राला क्षणभर थांबून पाहण्याचे शिकविलेले होते. मूळ मोटारीतली ब्रेकची स्वतंत्र सोय बंद ठेवलेली होती. आणि आधी अशा मोटारीत दोन नोकर बसत, ते अपघाताच्या काही महिने आधी एकावर आणलेले होते.

दोनाचे एक. १९२८ सालचीच गोष्ट. फक्त माग रस्त्यावर आला.

त्या मोटारीत राखणीला बसलेली नोकर बाई फोनवर कार्यक्रम पाहत होती, असे तपासात निघाले. ती निर्दोष होती असे मी म्हणत नाही. पण तासन् तास काहीच न करता, केव्हातरी अर्ध्या सेकंदात सर्व काही करावे लागेल म्हणून डोळे ताठ ठेवून बसणे हे माणसाच्या स्वभावात बसत नाही. रात्रपाळी केलेल्या कोणत्याही पहारेकऱ्याला विचारून पाहावे. तपास मंडळाने कंपनीच्या सुरक्षिततेच्या कारभारावर स्पष्ट ठपका ठेवला. फौजदारी कारवाई मात्र कंपनीवर झाली नाही. खटला नोकरबाईवर झाला, आणि २०२३ साली कमी गंभीर गुन्हा कबूल करून तिने तीन वर्षांची देखरेख पत्करली. कापडातली खोट पुन्हा विणकराच्याच खात्यावर लिहिली गेली.

दुसऱ्या तटाने हा धोका आधीच ओळखला होता. गूगल कंपनीने आपल्या काही नोकरांना अशा मोटारी घरी न्यावयास दिल्या होत्या. आतल्या कॅमेऱ्यांत दिसले की माणसे फोन पाहतात, नट्टापट्टा करतात, एकजण तर झोपलाच. तेव्हा कंपनीने ठरविले, की अर्धवट मदतनीस यंत्र काढावयाचेच नाही. काढावयाचे तर माणसावाचून चालणारे. त्यातूनच वेमो निघाली. कॅमेरे, रडार, लेसर किरणांनी अंतर मोजणारी यंत्रे आणि रस्त्यारस्त्याचा तपशीलवार नकाशा, असा तिचा सरंजाम. ती एकेक शहर घेत सावकाश पुढे सरकते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये फिनिक्स शहराच्या परिसरात तिने सुकाणूपाशी कोणीही नसलेल्या मोटारी सर्वसाधारण उतारूंना खुल्या केल्या. हा मार्ग महाग आणि धिमा आहे. तरीही मला तोच अधिक सरळ वाटतो, कारण चूक झाली तर दोष लादायला आत कोणी गरीब बसलेला नाही.

मात्र थांबणे हेही वाटते तितके सोपे नाही. टोयोडाचा माग थांबला तर त्याच्या मागे आगीचा बंब अडकत नसे. सॅन फ्रान्सिस्कोत गोंधळलेल्या बिनचालकाच्या मोटारी भररस्त्यात उभ्या राहिल्या, आणि अग्निशमन दलाने २०२३ साली त्याबद्दल जाहीर तक्रारी केल्या. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला तिथे क्रूझ कंपनीच्या मोटारीचे त्याहून वाईट झाले. दुसऱ्या मोटारीच्या धडकेने तिच्यापुढे फेकल्या गेलेल्या बाईला ती लागली, थांबली, आणि मग शिकविल्याप्रमाणे कडेला होण्यासाठी निघाली. ती बाई चाकाखाली असताना तिला सुमारे वीस फूट फरफटत नेले. सरकारने परवाना स्थगित केला आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये जनरल मोटर्सने तो भाड्याच्या मोटारींचा उद्योगच बंद केला. खाली उतरून चाकाखाली वाकून पाहणारा कोणी त्या मोटारीत नव्हता. आमच्या अलिबागेत ओहोटीला कुलाबा किल्ल्यावर उतारू नेणारा घोडागाडीवाला पाण्याकडे पाहून, वाळू तुडवून, घोड्याच्या कानांकडे बघून ठरवितो की आता परतावयाचे. त्याचे हे पाहणे कोणत्या तक्त्यात बसवावयाचे, हे अजून कोणाला नीट साधलेले नाही.

आपल्या देशात याविषयी काय झाले? नागपूरचे नितीन गडकरी केंद्रात रस्ते वाहतूकमंत्री असताना त्यांनी २०१७ साली आणि पुन्हा २०२३ साली स्पष्ट सांगितले, की बिनचालकाच्या मोटारी ते भारतात येऊ देणार नाहीत, कारण चालकांच्या नोकऱ्या जातील. कामगार चळवळीतल्या माणसाने यावर टाळ्या वाजवाव्यात, आणि मी वाजवितोही. पण एका हाताने. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत पायी चालणारे, सायकलवाले आणि झोप न मिळालेले ट्रकवालेही होते. यंत्राने त्यांतले काही वाचत असतील तर यंत्राला दार बंद, एवढे म्हणून भागत नाही. आणि माणूस सुकाणूपाशी ठेवून त्याला राखणदार करणारे अर्धवट यंत्र तर बंदी असूनही येते. महाग मोटारींतून ते येऊ लागलेच आहे. नोकरी राहील, पण ती कसली नोकरी, हे पाहावयास नको काय? मुंबईच्या मेट्रोच्या २०२२ साली सुरू झालेल्या मार्गांवरच्या गाड्या चालकावाचून चालण्याच्या तयारीच्या असून त्यांत सुरुवातीला चालक बसविले गेले. त्या चालकाच्या कर्तव्यपत्रकात नेमके काय लिहावयाचे, हा मला कामगार संघटनेचा अगदी रोकडा प्रश्न वाटतो.

ब्रिटनने २०२४ साली याबद्दल कायदा केला. यंत्र स्वतः चालवीत असताना मोटार ज्या रीतीने चालली तिचा जाब, परवाना घेतलेल्या कंपनीला द्यावा लागेल. आत बसलेल्या माणसावर त्या चालविण्याबद्दल खटला होणार नाही, असे त्यात म्हटले आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने २-ब हे कलम आले. नव्या शोधांना उत्तेजन म्हणून काही वाहनांना कायद्यातील तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिला. दार तेवढे किलकिले आहे. उद्या त्या कलमाखाली नियम होऊ लागतील तेव्हा राखणीला बसविलेल्या माणसाला सलग किती तास बसवावयाचे, एकाच्या जागी दोघे कुठे लागतील, आणि अपघातानंतर पहिले आरोपपत्र कोणाच्या नावाने निघेल, या तीन गोष्टी त्या नियमांत लिहून घ्याव्या लागतील. त्यासाठी मोटारचालकांच्या संघटनांनी नियमांचा मसुदा निघण्याची वाट न पाहता आपले निवेदन आधीच तयार ठेवावे.