सौभाग्य आणि नागरिकत्व



लग्न मोडलें म्हणजे काय काय मोडतें, हा प्रश्न आपल्या घरांतून बहुधा दबक्या आवाजांतच विचारला जातो. संसार मोडतो, दोन कुटुंबांचा संबंध तुटतो, मुलांची ओढाताण होते. परंतु लग्नाच्या नात्यानें समुद्र ओलांडून गेलेल्या माणसाचें याहून आणखी एक कांहीं मोडूं शकतें, आणि तें म्हणजे त्या देशांत राहण्याचा हक्क. तेथें पतिपत्नींचा बेबनाव चार भिंतींच्या आंत राहत नाहीं; तो सरकारच्या दप्तरांत जाऊन पडतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही स्थिति कशी उत्पन्न झाली, याचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. १९६५ सालच्या कायद्यानें त्या देशाचे दरवाजे आपल्या लोकांस खुले झाले, आणि पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांतील मुली व मुलगेहि लग्न करून तिकडे गेले. म्हणून हा इतिहास परक्याचा असला, तरी त्याची झळ आपल्या उंबरठ्यापर्यंत पोंचते.

आरंभ १८५५ पासून करूं. त्या सालच्या कायद्यानें अमेरिकन नागरिकाशीं लग्न करणारी परदेशी स्त्री आपोआप अमेरिकन नागरिक ठरूं लागली. तिला अर्ज करावा लागत नसे, कीं शपथ घ्यावी लागत नसे. मात्र मूळ वर्णानुसार नागरिकत्वास पात्र असलेल्या स्त्रियांपुरतीच ही सवलत होती. पत्नीला स्वतंत्र राष्ट्र नाहीं, पतीचें तेंच तिचें राष्ट्र, हें यामागील तत्त्व होय. १९०७ सालीं हेंच तत्त्व उलट्या दिशेनेंहि लागू करण्यांत आलें. परदेशी पुरुषाशीं लग्न करणारी अमेरिकन स्त्री आपलें नागरिकत्व गमावून बसेल, असें त्या सालच्या कायद्यानें स्पष्ट केलें.

एथेल मॅकेन्झी या कॅलिफोर्नियांतच जन्मलेल्या बाईंनीं १९०९ सालीं एका स्कॉटिश गायकाशीं लग्न केलें. दोघेंहि कॅलिफोर्नियांतच राहत होतीं. १९११ सालीं तेथें स्त्रियांना मताधिकार मिळाला, तेव्हां बाई मतदारांच्या यादींत नांव घालण्यास गेल्या. आणि तुम्ही या देशाच्या नागरिकच नाहीं, असें त्यांना सांगण्यांत आलें. प्रकरण वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेलें. १९१५ सालीं न्यायमूर्तींनीं निकाल दिला कीं, परिणाम ठाऊक असतां बाईंनीं स्वेच्छेनें लग्न केलें. तें स्वेच्छेनें नागरिकत्व सोडण्यासारखेंच आहे. जन्मभूमींतच राहून बाई परक्या झाल्या!

परंतु या १९०७ च्या कायद्यांत घटस्फोटाविषयीं एक कलम होतें, तिकडे मी आपलें लक्ष वेधूं इच्छितों. लग्नसंबंध संपुष्टांत आला कीं अमेरिकन स्त्रीला आपलें मूळ नागरिकत्व परत मिळत असे. ती अमेरिकेंतच राहत असली, तर तेथेंच राहत गेल्यानें तें आपोआप मिळे. त्याचप्रमाणें लग्नामुळें अमेरिकन झालेली परदेशी स्त्री घटस्फोटानंतरहि तेथेंच राहत असेल, तर तिचें नागरिकत्व कायम राही. स्त्रीला पतीची छाया मानणाऱ्या त्या काळानेंहि, लग्न मोडलेल्या परदेशी स्त्रीस घालवून देण्याची योजना केली नव्हती. ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिच्याशीं तुलना करावयाची आहे.

१९२२ सालच्या केबल कायद्यानें पतिपत्नींचीं नागरिकत्वें बऱ्याच अंशीं वेगळीं केलीं. स्त्रियांच्या चळवळीचें तें मोठें यश होतें. तथापि त्यांत एक काळा डाग राहिला. नागरिकत्वास अपात्र अशा परदेशीयाशीं लग्न करणारी अमेरिकन स्त्री पूर्वीप्रमाणेंच आपलें नागरिकत्व गमावी. १९२३ सालीं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत हिंदी माणूस कायद्याच्या अर्थानें गोरा नव्हे, असें ठरलें. आणि या अपात्रांच्या वर्गांत सारे हिंदी लोक येऊन पडले. बंगालचे क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्याशीं विवाह केलेल्या मेरी या अमेरिकन बाईंना याच नियमाचा फटका बसला. १९३१ सालीं हा डाग पुसला गेला. १९४६ सालीं हिंदी लोकांना नागरिकत्वाची वाट मोकळी झाली, पण नव्यानें येऊन राहणाऱ्यांस वर्षाला अवघ्या शंभर माणसांची मर्यादा होती. ती मर्यादा खऱ्या अर्थानें सुटली ती १९६५ मध्यें.

आतां आपण १९८६ पाशीं येऊं. नागरिकाच्या पतीला वा पत्नीला प्रवेश सुलभ झाला, तशी केवळ परवान्यासाठीं खोटीं लग्नें लावण्याची युक्तीहि निघाली. परदेशीयांच्या आगमनाचें काम पाहणाऱ्या खात्यानें १९८५ सालीं काँग्रेसपुढें सांगितलें कीं, अशा विवाहांपैकीं सुमारें ३० टक्के संशयास्पद आहेत. हा आंकडा ऐकून कायदेमंडळ हादरलें. पुढें न्यायालयांत उघड झालें कीं, ज्या पाहणीवर हा आंकडा उभा होता तिनें अधिकाऱ्यांचा संशय मोजला होता, सिद्ध झालेली लबाडी नव्हे. पण तोंवर कायदा होऊन चुकला होता.

त्या कायद्यानें ‘सशर्त निवास’ ही नवी अवस्था निर्माण केली. निवासाचा हक्क मिळतो त्या दिवशीं लग्नाला दोन वर्षें पुरीं झालेलीं नसतील, तर तो हक्क दोन वर्षांपुरता कच्चा राहतो. ती मुदत संपण्यापूर्वींच्या ९० दिवसांत पतिपत्नींनीं मिळून, दोघांच्या सहीनें, अट उठविण्याचा अर्ज करावयाचा. अर्ज न झाला तर हक्क संपतो, आणि देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू होऊं शकते. नियम स्त्रीपुरुष दोघांसहि सारखा आहे. परंतु दोघांच्या सहीचा अर्थ काय होतो, याचा विचार करा. ज्याच्या सहीवांचून दुसऱ्याला देशांत राहतां येत नाहीं, त्याच्या हातीं एक लेखणी नव्हे, चाबूकच दिला गेला. ‘माझें ऐकलें नाहींस तर सही करणार नाहीं,’ एवढें वाक्य पुरेसें होतें.

लग्न मोडल्यास सूट नव्हती असें नाहीं. लग्न प्रामाणिकपणें केलें होतें, आणि तें परदेशी जोडीदारानें स्वतः, सबळ कारणास्तव, मोडून घेतलें, असें दाखविल्यास एकट्याचा अर्ज चाले. पण ही सूट चमत्कारिक होती. पतीनें आधीं कोर्टांत जाऊन घटस्फोट मिळविला, तर पत्नी निर्दोष असूनहि सुटीबाहेर पडे. शिवाय कॅलिफोर्नियासारख्या संस्थानांत १९७० पासून दोष सिद्ध न करतां घटस्फोट मिळत असे. ज्या निकालपत्रांत कोणाचाच दोष नोंदलेला नाहीं, त्यावरून सबळ कारण दाखवावयाचें कसें? १९०७ सालीं घटस्फोटित परदेशी स्त्रीला जी सुरक्षितता होती, ती ऐंशी वर्षांच्या सुधारणेनंतर उरली नव्हती.

या अन्यायाविरुद्ध आवाज उठला, त्यांत आपल्याकडील स्त्रियाहि होत्या. १९८५ सालीं न्यू जर्सींत ‘मानवी’ आणि १९८९ सालीं न्यूयॉर्कांत ‘सखी’ या संस्था दक्षिण आशियांतील स्त्रियांसाठीं निघाल्या. घरीं मार खाणाऱ्या स्त्रीला पोलिसांहून परवान्याची भीति अधिक वाटते, हा त्या स्त्रियांचा नित्याचा अनुभव होता.

१९९० सालीं कायदा सुधारला. घटस्फोट कोणी मागितला व कोणत्या कारणानें, ही अट गेली. लग्न प्रामाणिकपणें केलें होतें एवढें दाखविणें पुरेसें ठरलें. छळ झालेल्यांसाठीं वेगळी सूट आली, आणि तिच्यासाठीं घटस्फोट होण्याचीहि गरज उरली नाहीं. ज्यांच्या जोडीदारानें मुळांत अर्जच केला नव्हता, अशा पीडितांना १९९४ च्या कायद्यानें स्वतः अर्ज करण्याची मुभा दिली. आणि छळामुळें घटस्फोट झाला असेल तर त्यानंतर दोन वर्षांपर्यंत ती मुभा राहील, असें २००० सालीं ठरलें.

तरीहि एक खांचखळगा राहिला. नुसतें वेगळें राहणें म्हणजे घटस्फोट नव्हे. जोडीदार सही करीत नाहीं, आणि कोर्टाचा अंतिम हुकूमहि हातीं नाहीं, अशा मधल्या अवस्थेंत कितीतरी जण सांपडत. २००९ सालीं खात्यानें आपल्या अधिकाऱ्यांस सूचना दिली कीं, दावा चालू असल्यास अर्ज तत्काळ न फेटाळतां अंतिम हुकूम सादर करण्यास अवधि द्यावा.

दुसऱ्याच्या नोकरीच्या परवान्यावर, म्हणजे ‘एच-४’ या वर्गांत, गेलेल्या पत्नीची गोष्ट याहून कठीण आहे. तिचा हक्क आरंभापासून पतीच्या हक्काची सावली असतो. घटस्फोटाबरोबर तो संपतो, आणि दोन वर्षांच्या अटीवरील सुटी तिच्या कामीं येत नाहींत. शिवाय परदेशांतील प्रत्येक घटस्फोट भारतांत ग्राह्य धरला जाईलच असें नाहीं, हें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं सांगितलें आहे. एकच स्त्री एका देशांत घटस्फोटित आणि दुसऱ्या देशांत विवाहित राहूं शकते!

या साऱ्या इतिहासाचें सार मला १९७५ सालच्या एका निकालांत दिसतें. सॅन फ्रान्सिस्को येथील अपील न्यायालयापुढें बार्क नांवाच्या गृहस्थांचें प्रकरण आलें. पतिपत्नी पुढें वेगळीं झालीं, म्हणून लग्नच खोटें, असा सरकारचा रोख होता. न्यायालयानें विचारलें तें इतकेंच : लग्न करतांना दोघांनीं एकत्र संसार करण्याचा हेतु धरला होता काय? नंतर तीं विभक्त झालीं, एवढ्यावरून आरंभींचा हेतु खोटा ठरत नाहीं.

टिकलेलें लग्न आणि खरें लग्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद कायद्याच्या गळीं उतरण्यास फार दिवस लागले, आणि मधल्या काळांत कित्येकांनीं मुकाट्यानें छळ सोसला. आजहि तो भेद सिद्ध करावा लागतो तो कागदांनीं : दोघांच्या नांवाचें बँकेचें खातें, घरभाड्याचा करार, विम्याचीं व करांचीं पत्रकें, मुलांचे जन्मदाखले. परदेशीं निघालेल्या मुलीच्या पेटींत आपण दागिने मोजून ठेवतों. तिच्या नांवाचा प्रत्येक कागद तिच्या स्वतःच्या हातीं असावा, हेंहि तिला तितक्याच आग्रहानें सांगावें. तो सासरचा अविश्वास नव्हे. आपल्या लेकीची काळजी आहे.