वाटेत पत्ता बदलला तरी: क्विकची कुळकथा

वडिवळ्याहून कोणी व्हिडिओ बघत कामशेत स्टेशनाकडे निघालं, की अंगण ओलांडताच घरचं वायफाय सुटतं आणि टॉवरची रेंज लागते. त्या क्षणी फोनचा इंटरनेटवरचा पत्ताच बदलतो. इंटरनेटवर माहिती पोचवायच्या जुन्या नियमावलीत, टीसीपीत, दोन टोकांचे पत्ते आणि पोर्ट क्रमांक हीच जोडणीची ओळख. त्यातलं एक बदललं की जोडणी मेली, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

यात टीसीपीचा दोष तरी काय? व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी त्याची कल्पना १९७४ मध्ये मांडली, १९८१ मध्ये तिचं मानक झालं. खिशातला संगणक चालता चालता पत्ता बदलेल, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात येणार? विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला मुंबईत इंटरनेट लोकांना खुलं केलं, तेव्हाही मोडेम टेलिफोनच्या तारेलाच बांधलेला होता.

टीसीपीचा दुसरा हट्ट क्रमाचा. माहिती तुकड्यातुकड्यांनी, म्हणजे पॅकेटांनी जाते; एक पॅकेट हरवलं, की मागून सुखरूप पोचलेलीही खोळंबतात. बोरघाटात मालगाडी बंद पडल्यावर मागच्या गाड्या लोणावळ्याला अडकाव्यात तशी.

२०१२ मध्ये गूगलच्या जिम रॉस्किंड यांनी टीसीपीला पर्याय म्हणून क्विक रचलं, ते यूडीपी या १९८० च्या साध्या नियमावलीवर. यूडीपीचं मानक अवघ्या तीन पानांचं. त्यात ना क्रम, ना पोचपावती. तरी तेच का निवडलं? वाटेतली कित्येक फायरवॉल टीसीपी-यूडीपीखेरीज तिसरं काही पुढे जाऊच देत नाहीत. शिवाय क्रम, पोच, फेरपाठवणी हे सगळं ब्राउझरमध्येच ठेवल्यामुळे सुधारणेसाठी ऑपरेटिंग सिस्टिमची वाट बघणं संपलं. खरी हुशारी मला इथे दिसते.

जोडणी जुळायला आधी टीसीपीची ओळख, मग सांकेतिक कुलूपकिल्ल्या, अशा जा-ये करणाऱ्या तीन फेऱ्या पूर्वी लागत. क्विकला एक पुरते. सर्व्हर ओळखीचा असेल तर मागणी पहिल्याच पॅकेटातून जाते. पण ती मध्येच पकडून कोणी पुन्हा पाठवू शकतं, त्यामुळे पैशांचे व्यवहार या वाटेनं करू नयेत. प्रवाहही वेगळे, एकातलं पॅकेट हरवलं तर बाकीचे थांबत नाहीत.

आणि पत्ता? क्विकच्या जोडणीला स्वतःचा ओळखक्रमांक असतो. नव्या पत्त्यावरून पॅकेट आलं, की सर्व्हर तिकडे आठ बाइटांचा वाटेल तो आकडा धाडतो. फोननं तो जसाच्या तसा परत केला, की पुढचा माल नव्या वाटेनं सुरू. पाळत ठेवणाऱ्याला माग लागू नये म्हणून फोन ओळखक्रमांकही नवा, पण सर्व्हरशी आधीच ठरलेला वापरतो.

मे २०२१ मध्ये क्विकचं मानक झालं, जून २०२२ मध्ये त्यावर बांधलेल्या, वेबपानं आणणाऱ्या एचटीटीपी-३ चं. मात्र ‘असं पत्ता बदलून स्थलांतर चालणार नाही’ हे सर्व्हर सुरुवातीलाच कळवू शकतो, आणि मग फोनला नवी जोडणी करावीच लागते.