बोट लागली का?

परवा ऑफिसातल्या एका मित्राने सिडनीहून फोटो पाठवले. ऑनसाईट गेलाय, सुट्ट्या जोडून क्रूझ केली: सिडनी, मेलबर्न, होबार्ट. सकाळी जहाज बंदराला लागणार, दिवसभर शहर हिंडायचं, संध्याकाळी परत जहाजावर. खाली एक ओळ, "आपल्याकडे हे कधी येणार?"

हे मी पडेगावात गच्चीवर टँकरची वाट बघत वाचलं. इथून मुंबईचा समुद्र सव्वातीनशे किलोमीटर, तेव्हा माझं सागरी ज्ञान शून्य. पण शेजारचे काका मूळचे देवगडचे, नोकरीपायी इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांनी फोटो नीट बघितले आणि म्हणाले, "स्विमिंग पूल सोडला तर आमच्याकडे सगळा होता!"

म्हणजे "कधी येणार" नाही, येऊन गेलं. मग वीकेंड त्यातच गेला.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून बोट निघायची आणि कोकणचा किनारा धरून खाली उतरायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पणजी. सगळ्याच बोटी सगळीकडे थांबत असं नाही, पण यादी वाचा, कुठल्याही क्रूझ कंपनीला हेवा वाटेल! फरक एवढाच की यातलं कुणी फिरायला निघालेलं नसे. गिरणीत कामाला असलेला माणूस शिमग्याला गावी चाललाय, कुणी बाळंतपणाला माहेरी. डेकवर वळकटी पसरली की ती आपली जागा. बऱ्याच ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नसे, खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्यावर. पोरं, ट्रंका, म्हातारी माणसं, सगळी हलत्या बोटीतून हलत्या पडावात. ("बोट लागली का?" या प्रश्नाचे मराठीत दोन अर्थ का आहेत, हे मला आत्ता कळलं.) पावसाळ्यात हा मार्ग बंद.

धंदा आधी इंग्रजांच्या हातात होता. स्वदेशीच्या काळात त्यांच्याविरुद्ध लोकांनी 'माझी आगबोट कंपनी' काढली. कंपनीच्या नावात 'माझी'! आजच्या कुठल्या ब्रँडिंगवाल्याला सुचलं असतं का हे?

पण याला फक्त नॉस्टॅल्जियाचा मुलामा देऊन चालणार नाही. ११ नोव्हेंबर १९२७ ला 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७, आषाढी अमावस्येच्या सुमारास, 'रामदास' भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. जेमतेम काही मैलांचा प्रवास. काश्याच्या खडकाजवळ लाटांनी ती कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं. शाळेत आम्हाला टायटॅनिक माहीत होतं, रामदास नव्हतं. किनाऱ्यापासून इतक्या लांब वाढल्याचा परिणाम असेल, पण तरी वाईट वाटलं.

पुढे 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' आल्या. काकांच्या आठवणी याच बोटींच्या. रस्ते वाढले, एसटी गावात पोचली, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस बोट थांबली. नव्वदीत दमानियांची कॅटमरान मुंबई-पणजी धावली, तीही टिकली नाही. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, मग बोटीची आठवण कोण काढणार?

गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियातही हेच. पर्थहून सिडनी-मेलबर्नला जायला १९१७ पर्यंत रेल्वे नव्हती, लोक बोटीनेच जात. म्हणजे आमचा मित्र ज्या किनाऱ्यावर कॉकटेल घेत होता, तिथेही एकेकाळी वळकट्या असणारच. तिकडे निदान क्रूझ मधल्या बंदरांना थांबते.

आपल्याकडे २०१८ साली 'आंग्रिया' आली, थोडाच काळ चालली. २०२१ पासून 'कॉर्डेलिया' आहे. तिची वेबसाईट काकांना दाखवली. त्यांनी कॅसिनो बघितला, स्विमिंग पूल बघितला, दर बघून भुवया उंचावल्या. मग मुंबई-गोव्याच्या नकाशावर बोट ठेवून खालपर्यंत नेलं आणि मध्येच थांबले.

"देवगडाक थांबता?"

नाही म्हटलं.

"मगे आमका काय? आमका खंय फिराक जावचा होता, घराक जावचा होता."

मित्राला अजून उत्तर पाठवलेलं नाही. टँकर आला तेवढ्यात.