शल्यग्रंथांची भाषा आणि डिचोली-पेडण्याचा वाचक

शल्यतंत्राचा परिपूर्ण आधारग्रंथ म्हणून आपल्याकडे पहिले नाव घ्यावे लागते ते सुश्रुतसंहितेचे. तिच्या शारीरस्थानातील सातवा अध्याय सर्वस्वी सिरांना वाहिलेला आहे. एकूण सिरा ७०० मानल्या असून त्यांपैकी हातापायांत ४००, धडात १३६ आणि मानेच्या वर १६४ अशी वाटणी दिली आहे. याहून महत्त्वाची आहे ती ज्यांना शस्त्र लावू नये अशा ९८ सिरांची गणना. सूत्रस्थानात रक्तस्राव थांबविण्याचे चार उपायही सांगितले आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. सिरा नाभीपासून निघतात ही तत्कालीन कल्पना पुढे टिकली नाही. परंतु कोठे कापावे याच्याइतकेच कोठे कापू नये हेही शिष्यास शिकवावे, ही ग्रंथकाराची दृष्टी आजच्या शल्यविशारदासही परकी वाटणार नाही.

हा ग्रंथ संस्कृतात असल्यामुळे बहुजनांच्या आवाक्याबाहेर होता. छापखाने आल्यावर पोथ्यांना पुस्तकरूप मिळाले. मुंबईत १८८० मध्ये अरुणदत्ताच्या टीकेसह वाग्भटाचे अष्टांगहृदय प्रसिद्ध झाले. त्याचे संपादक अण्णा मोरेश्वर कुंटे हे पाश्चात्त्य वैद्यकात पारंगत असलेले डॉक्टर होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

गोमंतकाची वाट निराळी होती. डिचोली महाल १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली गेले. तोपर्यंत हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा होता; राज्य बदलले तरी मुळगावसारख्या गावांतील देवळे, जमाखर्च आणि लेखनवाचन यांचा मराठीशी असलेला संबंध तुटला नाही. पणजीस १८४२ मध्ये वैद्यक-शल्य विद्यालय स्थापन झाले, तेथे शिक्षणाची भाषा मात्र पोर्तुगीज. म्हणजे नव्या काबिजादीतील मराठी शिकलेल्या मुलाला शल्यशास्त्राच्या दारी पोहोचण्यापूर्वी भाषेचा एक उंबरठा ओलांडावा लागे. ज्यांना तो ओलांडणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी मुंबई होती. तेथेही इंग्रजीचा उंबरठा होताच, पण तिकडे काही काळ मराठीची खिडकी उघडली गेली.

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या आठ पदवीधरांत पेडणे महालात जन्मलेले भाऊ दाजी लाड होते आणि मूळचे बारदेशचे जोसे कामिलो लिस्बोआही होते. भाऊ दाजींनी पुढे संस्कृत पोथ्या, शिलालेख आणि रुग्ण या तिन्ही क्षेत्रांत नाव मिळविले. १८६१ मध्ये याच कॉलेजात देशी भाषांचे वर्ग निघाले. भाऊंचे बंधू नारायण दाजी आणि पुढे सखाराम अर्जुन यांनी तेथे अध्यापन केले, विद्यार्थ्यांसाठी मराठीत पुस्तके सिद्ध केली. ग्रंथनिर्मितीचे खरे कारण येथे दिसते. परीक्षा मराठीत होती, म्हणून पुस्तक मराठीत हवे होते. उत्साहाने किंवा स्वभाषाभिमानाने एखाददुसरे पुस्तक निघते. आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघण्यास विद्यार्थ्याची गरज लागते. पुढे सर्व वैद्यकीय शिक्षण इंग्रजीत गेले, आणि ज्यांच्यासाठी ती पुस्तके होती तो वाचकवर्गच उरला नाही. ती पुस्तके आज जुन्या ग्रंथालयांतूनच भेटतात.

यानंतर रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया फार पुढे गेली. आलेक्सी कारेल या फ्रेंच शल्यविशारदाने तुटलेल्या वाहिनीची दोन टोके बारीक टाक्यांनी जोडण्याची पद्धत १९०२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यास १९१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्वी रक्त वाहू लागले की वाहिनी बांधून टाकणे हाच मुख्य मार्ग असे, आता ती पुन्हा वाहती करता येऊ लागली. या विषयाचा स्वतंत्र महाग्रंथ निघण्यास तरीही सत्तर-पंचाहत्तर वर्षे लागली. हैमोविची यांचा १९७६ मध्ये आणि रदरफर्ड यांचा १९७७ मध्ये आला. रदरफर्डच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती २०२२ मध्ये निघाली. मधल्या काळात वाहिनीच्या आतून नळी घालून करावयाच्या उपचारांनी त्यात इतकी जागा व्यापली की ग्रंथाच्या नावातही त्यांचा समावेश करावा लागला. असा ग्रंथ एकट्याच्या हातचा नसतो. शेकडो तज्ज्ञ प्रकरणे लिहितात, आणि दर काही वर्षांनी तो नव्याने लिहावा लागतो. मराठीत याची केवळ भाषांतराने बरोबरी होईल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

गोव्याच्या मुक्तीनंतर, १९६३ मध्ये, पणजीच्या विद्यालयाचे गोवा मेडिकल कॉलेज झाले आणि पोर्तुगीजची जागा इंग्रजीने घेतली. मराठीत परिभाषा मात्र घडतच राहिली. मराठी विश्वकोशाने शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिनीस रोहिणी आणि अशुद्ध रक्त हृदयाकडे आणणाऱ्या वाहिनीस नीला हे शब्द रूढ करण्याचा प्रयत्न केला. दोन्ही शब्द सुरेख आहेत. तथापि खेड्यातील माणूस पायावरच्या फुगलेल्या निळ्या रेषेस शीर म्हणतो, मान आखडली तरी शीर धरली म्हणतो आणि हाताला मुंग्या आल्या तरी शीर दबल्याचे सांगतो. वाहिनी, मज्जातंतू आणि स्नायुबंध या तिन्हींचा भार तो एकच शब्द वाहतो. मधुमेहाने अंगठा काळा पडलेल्या रुग्णास डॉक्टर 'शीर बंद झाली आहे' असे सांगतो, तेव्हा नेमके काय बंद झाले, ते उघडता येईल की बोट काढावे लागेल, आणि विडी सोडण्याचा त्याच्याशी काय संबंध, हे त्या एका शब्दातून कळत नाही. संमतिपत्रावर अंगठा उठविण्यापूर्वी ते कळावयास हवे. त्यासाठी दोन खंडांचा महाग्रंथ नको, रोहिणी आणि नीला यांतील भेद चित्रासह सांगणारी चाळीस पानांची पुस्तिका पुरे. ती घरी नेऊन रुग्णाचा मुलगा वाचून दाखवील.