जपमाळ आणि जपाचा अधिकार

म्हैसूर शहरातील कुवेंपुनगर ही वसाहत ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या राष्ट्रकवी कुवेंपु (१९०४–१९९४) यांनी १९४४ मध्ये ‘शूद्र तपस्वी’ नावाचे नाटक लिहिले. विषय रामायणातील शंबूकाचा. मूळ कथेत शूद्र असूनही तप केल्याबद्दल शंबूकाचा वध होतो. कुवेंपूंच्या नाटकात रामाने सोडलेले अस्त्र त्या तपस्व्यापुढे नम्र होते आणि तक्रार घेऊन आलेल्या ब्राह्मणाकडेच वळते. या बदलावरून कन्नड साहित्यविश्वात वाद झाला. मास्ती वेंकटेश अय्यंगार यांच्यासारख्या ज्येष्ठ लेखकाने आक्षेप नोंदविला. पुरोहितशाहीवर असा प्रहार करणारा हा कवी साधनेचा विरोधक मात्र नव्हता. तरुणपणी तो म्हैसूरच्या रामकृष्ण आश्रमात राहिला होता आणि श्रीरामकृष्णांचे साक्षात शिष्य स्वामी शिवानंद यांच्याकडून त्याने मंत्रदीक्षाही घेतली होती. त्याचा आक्षेप तपाला नव्हता. तप कोणी करावे हे ठरविणाऱ्यांना होता.

घराघरांतील देव्हाऱ्यात, गोमुखीच्या पिशवीत किंवा भिंतीवरील खुंटीला जी जपमाळ असते, तिच्या इतिहासातही हाच प्रश्न गुंफलेला आहे. माळ कशाची असावी, मणी किती असावेत, ती कोणत्या बोटावर फिरवावी याविषयी ग्रंथांनी पुष्कळ लिहिले. ती कोणाच्या हाती असावी याचे उत्तर मात्र ग्रंथांपेक्षा माणसांनी दिले, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे.

‘अक्षमाला’ हे माळेचे जुने संस्कृत नाव. ब्रह्मदेव, सरस्वती, शिव यांच्या मूर्तींच्या हातांत ती दिसते. या शब्दाचा एक सुंदर अर्थ अक्षमालिकोपनिषदात येतो: ‘अ’पासून ‘क्ष’पर्यंतची वर्णमाला हीच खरी माळ. प्रजापती आणि गुह यांच्या संवादातून उलगडणाऱ्या या छोट्या उपनिषदात प्रत्येक मण्यात एकेक अक्षर प्रतिष्ठित करण्याची कल्पना आहे. म्हणजे माळ हाती घेणारा सारी वाणीच हाती घेतो. मण्यांसाठी तेथे दहा द्रव्ये सांगितली आहेत: पोवळे, मोती, स्फटिक, शंख, रूपे, सोने, चंदन, पुत्रजीविका, कमळबीज आणि रुद्राक्ष. यांतील चंदन म्हटले की म्हैसूरचे नाव ओघाने येते. येथे टिपू सुलतानाच्या काळापासून चंदनवृक्ष ही राज्याची मालमत्ता मानली गेली. मराठी घरांत मात्र चंदनाचा हार बहुधा दिवंगतांच्या तसबिरीवर जातो. जपासाठी तुळस आणि रुद्राक्ष यांनाच अधिक मान आहे.

रुद्राक्षाला रुद्राचे अश्रू मानतात. ज्या झाडाचे हे बी, ते नेपाळात, हिमालयाच्या पायथ्याशी आणि इंडोनेशियाच्या बेटांवर वाढते. जावामध्ये त्याला जेनित्री म्हणतात. भारतीय बाजारातील पुष्कळसे बारीक रुद्राक्ष तेथूनच समुद्र ओलांडून येतात. शिवाचे अश्रू परदेशातून आणावे लागतात याचे भाविकांना कधी वावगे वाटले नाही, आणि ते योग्यच आहे.

एकशे आठ ही संख्या कोठून आली, याची उत्तरे अनेक आहेत. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण मिळून एकशे आठ होतात. बारा राशी आणि नऊ ग्रह यांचा गुणाकारही तितकाच. योगग्रंथ दिवसाचे २१,६०० श्वास मोजतात आणि त्यांच्या निम्म्या भागाशी या संख्येची सांगड घालतात. तंत्रमार्गी पन्नास वर्ण सरळ आणि पन्नास उलट मोजून त्यांत अ, क, च, ट, त, प, य, श हे आठ वर्ग मिळवितात. जैनांच्या नवकारवाळीत पंचपरमेष्ठींच्या १२, ८, ३६, २५ आणि २७ गुणांची बेरीज १०८ भरते. बौद्धांच्या माळेतही १०८ मणी असतात. इतकी उत्तरे असली की संख्या आधी रूढ झाली आणि कारणे मागाहून सुचली, असा तर्क करावासा वाटतो. इस्लाममधील तसबीहचे ९९ किंवा ३३ मणी आणि ख्रिस्ती जपमाळेतील दहा-दहा मण्यांचे पाच गट पाहिले की एवढे खरे वाटते, की प्रार्थना मोजण्याची गरज माणसाला सर्वत्र भासली. बोटांची पेरे अपुरी पडली, तेव्हा दोरा आणि मणी आले.

मोजणी टोकाला गेली की काय होते, याचे उदाहरण समर्थ रामदासांच्या चरित्रपरंपरेत सापडते. १६०८ मध्ये जांब येथे जन्मलेल्या नारायणाने घर सोडून नाशिकजवळच्या टाकळी येथे बारा वर्षे तप केले आणि तेरा अक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप पूर्ण केला, असे परंपरा सांगते. बारा वर्षांचे दिवस सुमारे ४,३८०. तेरा कोटींना त्यांनी भागले तर रोजचा जप सुमारे ३०,००० येतो. एका माळेत १०८ मणी असले तरी चुकांची तूट धरून जप शंभरच मोजण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने रोज जवळजवळ तीनशे माळा. एका मंत्राला दोन सेकंद धरले तरी दिवसाचे साडेसोळा तास होतात. हा आकडा इतिहासकाराला पुराव्याने सिद्ध करता येणार नाही, पण तो अशक्यही नाही. मात्र त्यात दुसऱ्या कशालाही जागा उरत नाही, आणि परंपरेला नेमके तेच सांगायचे असावे.

जपाला यज्ञाहून श्रेष्ठ मानणारी वचने मनुस्मृतीत आहेत. मोठ्याने केलेल्या जपापेक्षा ओठांतल्या ओठांत केलेला, आणि त्याहूनही मनातला जप अधिक फलदायी, अशी चढती श्रेणीही तेथे दिलेली आहे. भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत यज्ञांतील जपयज्ञ म्हणजे आपणच, असे सांगतात. पण मनुस्मृतीला अभिप्रेत असलेला जप प्रणवाचा आणि गायत्रीचा होता, आणि त्याचा अधिकार उपनयनाने मिळत असे. ज्यांचे उपनयन होत नाही त्या शूद्रांना, त्यांच्याही खाली ढकललेल्यांना आणि सर्व जातींतील स्त्रियांना त्या जपाचे दार बंद होते. संतांनी मंत्राऐवजी नाम पुढे केले, त्याचे महत्त्व येथे आहे. नामाला मुहूर्त नाही, सोवळे नाही, उच्चाराची परीक्षा नाही.

या नामाची खूण म्हणून वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ आली. वारकरी ती हातात घेऊन जपही करतो, पण तिचे मुख्य काम मोजण्याचे नाही. ‘माळ घालणे’ या मराठी शब्दप्रयोगाचा अर्थच दीक्षा घेणे असा आहे. परंपरेतील अधिकारी पुरुषाच्या हातून १०८ मण्यांची माळ गळ्यात पडते आणि तिच्याबरोबर काही बंधने येतात: पंढरीची वारी, एकादशीचे व्रत, मद्यमांसाचा त्याग, परस्त्री मातेसमान मानणे, नित्य हरिपाठ. माळ तुटली तर ती पुन्हा ओवून गळ्यात येईपर्यंत अन्न न घेणारे वारकरी गावोगाव आहेत. हे बंधन घेण्यासाठी जात विचारली जात नाही. शेतकरी, शिंपी, माळी, कुंभार, ब्राह्मण, महार, मुसलमान घरातला भक्त आणि स्त्री, सगळ्यांची माळ एकाच लाकडाची. जानवे जन्माने मिळत असे. माळ संकल्पाने मिळते. खेड्यातील एखाद्या दारूबाज माणसाने माळ घातली की त्याच्या घरातील बाईच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो, त्याची नोंद कोणत्याही ग्रंथात नाही. पण माळेचे सामाजिक मोल जोखायचे तर तो विसरून चालणार नाही.

या माळा पंढरपुरात घडतात. तेथील काशीकापडी समाजातील कुटुंबांनी हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे. तुळशीची वाळलेली खोडे आणून त्यांचे तुकडे करायचे, ते कातून मणी घडवायचे, बारीक भोक पाडायचे आणि ओवायचे. घरातील स्त्रियांचा हात या कामात फार मोठा असतो. तुळशीचे खोड बारीक आणि अंगाने वाकडे, म्हणून त्यातून एकसारखे मणी काढणे कौशल्याचे. बाजारात इतर लाकडांचे मणी तुळशीचे म्हणून विकले जातात ते याचमुळे. एकेक पैलू पाडलेला खरा मणी किंचित ओबडधोबडच असतो.

कर्नाटकाशी हा धागा जुन्या काळापासून जोडलेला आहे. पंढरीच्या विठ्ठलाला संतांनी ‘कानडा’ म्हटले, आणि पुरंदरदासांसह अनेक कन्नड हरिदासांनी आपल्या रचनांच्या मुद्रेत विठ्ठलाचे नाव धारण केले. तुळशीमण्यांचा हार त्यांच्याही गळ्यात असे. बाराव्या शतकात बसवण्णांच्या चळवळीतून पुढे आलेल्या लिंगायत परंपरेत रुद्राक्ष हे अष्टावरणांपैकी एक आहे, आणि तेथेही तो जातीचे कुंपण ओलांडून स्त्रीपुरुषांना मिळाला. हीच परंपरा मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ लिहून मराठीत रुजविली. बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे त्यांची समाधी आहे. उलट दिशेने गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांचा (१८४५–१९१३) रामनामाचा जप त्यांचे शिष्य ब्रह्मानंद महाराज यांनी कन्नड मुलखात नेला. जमखंडीत जन्मलेले गुरुदेव रा. द. रानडे तर दोन्ही भाषांतील संतांवर अधिकाराने लिहीत. अलाहाबादच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकविणारा हा प्राध्यापक नामस्मरणाला आपले खरे काम मानत असे. कर्नाटकात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाच्या देव्हाऱ्यात तुळस आणि रुद्राक्ष शेजारी दिसले, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

माळेची थट्टाही संतांनीच सर्वांत अधिक केली. कबीरांनी, तुकोबांनी आणि बसवण्णांनीही, हात मण्यांवर आणि मन बाजारात असलेल्या साधकाला मुळीच दयामाया दाखविली नाही. मराठी भाषेने हा अनुभव आपल्या परीने जपून ठेवला आहे. एकच गोष्ट पुन:पुन्हा सांगणारा माणूस तिची ‘जपमाळ ओढतो’. गळ्यातील माळ मोठी आणि आचरण खोटे असलेल्या माणसाबद्दलच्या म्हणी तर प्रत्येक गावाकडे निराळ्या आहेत. ही थट्टा माळेचा अपमान करीत नाही. जिला किंमत असते तिचीच नक्कल होते.

थट्टेहून कठोर असा एक विरोधाभास मात्र शतकानुशतके तसाच राहिला. माळ सर्वांना मिळाली. देऊळ मिळाले नाही. चोखोबा महार होते, म्हणून विठ्ठलाच्या मंदिरात त्यांना प्रवेश नव्हता. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. ढिगाऱ्यातील कोणती हाडे चोखोबांची हे ओळखण्यासाठी नामदेवांनी ती कानाला लावली आणि ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती उचलली, अशी कथा वारकरी सांगतात. माळ नाही, मणी नाहीत, मोजणारा हातही नाही, आणि जप चालू आहे. जपाच्या अधिकाराबद्दल एवढे सडेतोड विधान दुसरे सापडणार नाही. तरीही त्यानंतर सहाशे वर्षे चोखोबांच्या जातीचे वारकरी गळ्यात तीच माळ घालून, तोच हरिपाठ म्हणत पंढरीला येत राहिले आणि महाद्वाराबाहेरून कळसाला हात जोडून परतत राहिले. ज्यांनी त्यांच्या गळ्यात माळ घातली, त्यांतील अनेकांना यात काही चुकते आहे असे वाटले नाही, हे नमूद करणे भाग आहे.

मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी हे दार उघडावे म्हणून पंढरपुरात उपोषण आरंभिले. त्याआधी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागविले होते. विरोध तीव्र होता आणि तो करणाऱ्यांतही माळकरी होते. उपोषणाला जागा मिळाली ती तनपुरे महाराजांच्या मठात, म्हणजे वारकऱ्यांच्याच आश्रयाला. एकाच खुणेचे लोक दोन्ही बाजूंना उभे होते. दहा दिवसांनी, मंदिर खुले करण्याचा निर्णय झाल्यावर, गुरुजींनी उपोषण सोडले. त्याच वर्षी मंदिर हरिजनांना खुले झाले.

चोखोबांची समाधी आज महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. वारकरी प्रथम तेथे वाकतो. वाकताना गळ्यातील माळ पुढे लोंबते, ती तो एका हाताने छातीशी धरतो, आणि मग पायरी चुकवून आत जातो.