मेलेल्या उंदराची नोंद

साथीचा इतिहास निघाला की माणसं किती दगावली, एवढंच आपण विचारतो. पण कोण कशानं दगावलं हे सरकारदरबारी कळायचं कसं? आणि कळायचं ते खरं असायचं का? या दृष्टीनं मुंबईच्या मांडवी भागाची हकिकत ऐकण्यासारखी आहे. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरच्या रांजणगावालाही ती परकी वाटू नये. जिथं धान्याची पोती आणि महागणपतीचे यात्रेकरू पोचतात, तिथं साथीलाही वाट सापडू शकते.

मांडवी म्हणजे गोदीजवळची, धान्याच्या वखारींची दाट वस्ती. सप्टेंबर १८९६ मध्ये तिथल्या रोग्यांना ताप आणि अंगावर गाठी पाहून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग आहे असं सांगितलं. पुढे ज्या घरात प्लेगनं माणूस जाई, त्या घराच्या भिंतीवर वर्तुळ काढून तारीख लिहीत. ती वर्तुळं मोजली की साथ कुठं पोचली ते कळावं, असा हिशेब होता. पण हिशेब जुळेना. प्लेगचे कितीतरी मृत्यू साध्या तापाच्या नावावर जात होते.

असं का झालं? ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. प्रवाशांना थांबवून तपासण्याचे आणि रोग्यांना वेगळे ठेवण्याचे अधिकार सरकारला मिळाले. पुण्यात रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीनं सोजीर घरात घातले. देवघर, माजघर, काही पाहिलं नाही. रोगी सापडला की उचलून नेत आणि घरातलं सामान जाळीत. मग लोक काय करणार? आजारी माणूस दडवून ठेवू लागले. रोग शोधायला आलेल्यांनीच रोग लपवायला लावला. त्या संतापाची अखेर २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर झालेल्या गोळीबारात झाली.

त्याच साली, त्याच पुण्याजवळ, दुसरंही एक काम चाललं होतं. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई रोग्यांना स्वतः घेऊन येत. शुश्रूषा करता करता त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. घराबाहेर ओढून काढलेला रोगी आणि हात धरून आणलेला रोगी यांत केवढा फरक आहे, हे शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना जरूर सांगावं.

माणूस लपवता येतो, उंदीर मात्र लपत नाही. १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन मंडळानं ही वाट धरली. शहराच्या गल्ल्यागल्ल्यांतून उंदीर गोळा करून तपासले. एका वर्षात लाखाहून अधिक! त्यातून क्रम उलगडला. आधी गटारातले मोठे उंदीर मरत, मग घरातले काळे उंदीर आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी माणसं. मधला दुवा पिसवेचा. उंदीर मेला की उपाशी पिसू माणसाकडे वळते. हे ताडण्यासाठी गिनिपिगांचे पिंजरे ठेवून पाहिले. जमिनीलगतच्यांना रोग झाला. दोन फूट उंच टांगलेले वाचले, कारण पिसवेची उडी तिथवर पोचत नव्हती.

म्हणजे मेलेला उंदीर ही दोन आठवडे आधी आलेली वर्दी होती. खेड्यातल्या माणसाला हे थोडंफार ठाऊक होतंच. घरात उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहात. शास्त्रानं त्या शहाणपणाचं कारण सांगितलं.

ही गोष्ट फार जुनी झाली असं मात्र समजू नका. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवांचा उपद्रव वाढला, उंदीर मरू लागले, आणि मग माणसांच्या अंगावर गाठी दिसल्या. आता प्लेगवर औषधं आहेत. वेळेत दिली तर रोगी बरा होतो. मात्र वेळेत कळलं पाहिजे.

जुन्या काळी गावचा जन्ममृत्यूचा हिशेब कोतवाल बुकात असे. आज तो ग्रामपंचायतीच्या दप्तरी असतो. तिथं लिहिलं जातं ते आपण सांगतो तेवढंच. म्हणून घरात, खळ्यावर एकाएकी उंदीर मरताना दिसले तर त्यांना हात लावू नका, आरोग्य केंद्रात जाऊन सांगा. गावात एकाच तऱ्हेचा ताप चार घरी आला तरी सांगा. आणि सांगायला आलेल्या माणसाला दटावू नका. तो परत गेला तर पुढची बातमी कळायची नाही.