हुतात्मा विष्णु गणेश पिंगळे : एका विद्यार्थ्याचे सैनिकव्रत

दौंडकडून भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात शिरले, की शिक्रापूरच्या अलीकडे तळेगाव ढमढेरे लागते. याच गावी १८८८ साली विष्णु गणेश पिंगळे यांचा जन्म झाला. आपल्या मुलांना पाठ्यपुस्तकांतील वीरांची नावे मुखोद्गत असतात; परंतु घराशेजारच्या या वीराचे नाव किती जणांस सांगता येईल, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारावा.

राष्ट्रीय शिक्षणाचे व्रत घेतलेल्या तळेगाव दाभाडे येथील समर्थ विद्यालयाचे संस्कार त्यांस लाभले. पुढे ते अमेरिकेत गेले आणि सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात यंत्रविद्या शिकू लागले. तेथेच गदर चळवळीशी त्यांचा संबंध आला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हे कृषिशास्त्राचे विद्यार्थीही याच चळवळीत होते.

१९१४ साली महायुद्ध पेटले. पदवी, नोकरी व संसार यांचा सरळ मार्ग सोडून पिंगळे नोव्हेंबरात कलकत्त्यास उतरले. काशीस रासबिहारी बोस यांची भेट घेऊन ते पंजाबात गेले. हिंदी पलटणींनी एकाच वेळी उठावे, अशी योजना होती. २१ फेब्रुवारी १९१५ हा दिवस ठरला. फितुरीचा संशय येताच तो १९ वर आणण्यात आला. पण तीही वार्ता सरकारास कळली आणि बेत फसला.

येथे पिंगळ्यांची खरी कसोटी लागली. धरपकड सुरू असता दूर निघून जाणे शहाणपणाचे ठरले असते. परंतु ते मेरठच्या छावणीत गेले. १८५७ चा वणवा जेथे पेटला, तेच हे मेरठ! २३ मार्च रोजी बाराव्या घोडदळाच्या बराकीत ते बाँबसह पकडले गेले.

लाहोरच्या खटल्यात चोवीस जणांस फाशीची शिक्षा झाली. त्यांपैकी सतरा जणांची शिक्षा जन्मठेपेवर आली. उरलेल्या सात जणांस १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्यांत एकोणीस वर्षांचे कर्तारसिंग सराभा होते आणि सत्तावीस वर्षांचे पिंगळेही होते. सहा पंजाबी शीख आणि एक मराठी तरुण, असे ते सात सहप्रवासी होते. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे विशेष ध्यानी घ्यावे, की मरणसमयी त्यांनी कोणाचीही जात विचारली नव्हती.

खानखोजे युद्धातून वाचले. मेक्सिकोत त्यांनी मक्याच्या संशोधनात नाव मिळविले आणि १९६७ साली नागपुरास देह ठेवला. पिंगळ्यांस असे आयुष्य लाभले असते, तर त्यांच्याही हातून एखादे विधायक कार्य घडले नसते असे कोण म्हणेल? त्यांच्या अंगावर गणवेश नव्हता, छातीवर पदक नव्हते. तरीही सैनिकाचे मरण त्यांनी पत्करले. म्हणून तळेगावावरून जाताना क्षणभर थांबावे आणि सोबतच्या मुलास हे नाव सांगावे. एवढे ऋण तरी आपण फेडू या.